लक्षद्वीप : जिवंत पायावर उभी असलेली बेटं

रविवार : कोची ते अगत्ती

कोचीहून अगत्तीला पंख्यांचं छोटं विमान जातं. दीडेक तास खाली नुसता समुद्र, आणि मग खिडकीत एकदम फिकट हिरवं पाणी येतं. बेट नंतर दिसतं. आधी दिसतं ते बेटाभोवतीचं उथळ पाणी, म्हणजे लगून, आणि त्याच्या बाहेरच्या कडेने गेलेली फेसाची पांढरी रेघ. रेघेपलीकडे समुद्र लगेच काळानिळा होतो. अरबी समुद्राची मोठी लाट फुटते ती तिथे, पोवळ्यांनी बांधलेल्या प्रवाळभित्तीवर. बेटाच्या वाळूला येऊन लागतात त्या घोट्याएवढ्या लाटा. विमान उतरताना दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत पाणीच होतं, कारण धावपट्टी बेटाच्या निमुळत्या टोकावर आहे आणि तिथे बेट धावपट्टीपेक्षा फारसं रुंद नाही.

मी चिपळूणजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. धाकटा भाऊ तारकर्लीला स्कूबा शिकला, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "ताई, लक्षद्वीप बघून घेऊ." २०२४ च्या उन्हाळ्यात तिथली पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडल्याच्या बातम्या आल्या आणि त्याच्या पुढच्या मार्चमध्ये आम्ही निघालोच. रंगीत मासे बघायचे होतेच. पण एवढा तडाखा बसल्यावर प्रवाळभित्ती कशी दिसते, आणि तिच्या आधाराने राहणारी माणसं काय म्हणतात, हे मला जास्त जाणून घ्यायचं होतं.

लक्षद्वीपात ३६ बेटं. वस्ती १० बेटांवर. सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, आणि समुद्रसपाटीपासून उंची बहुतेक ठिकाणी एक-दोन मीटर. डोंगर नाही, नदी नाही. आम्ही उतरलो त्या घराच्या अंगणात विहीर होती, पुरुषभरही खोल नसेल. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून तरंगत राहतं. बेटावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या थरावर जगली. घराची जुनी भिंत पोवळ्याच्या चिऱ्यांची होती. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक चिऱ्यावर चांदणीसारखी बारीक नक्षी. एकेका चांदणीत कधीकाळी एकेक जीव राहत होता.

दुपारच्या जेवणात भात, कुप्प्याची (म्हणजे ट्यूना माशाची) आमटी आणि मास पोडिचद. कुपा उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात, त्याला मासमीन म्हणतात. तो कुटून खोबरं, कांदा, लसूण, हळद घालून परतला की मास पोडिचद. आपल्या सुकटीच्या चटणीची ही थोरली बहीण. घरमालकीण दीदी हिंदी थांबून थांबून बोलायच्या, पण वाढताना त्यांना भाषा लागत नव्हती. भाजीचं विचारलं तर म्हणाल्या, "जहाज आलं की भाजी. जहाज नाही आलं की मासा."

ताटात लिंबाची फोड उरली होती. हात धुवायला बाहेर आले तेव्हा ती अंगणातल्या वाळूवर पिळली. बारीक बारीक बुडबुडे आले. चिपळूणला नदीकाठच्या वाळूवर हा प्रयोग करा, काही होणार नाही. इथली वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट: पोवळ्यांचा, शिंपल्यांचा, चुनखडी धरणाऱ्या शेवाळांचा चुरा. त्यातला बराचसा पोपटमाशाच्या पोटातून आलेला असतो. हा मासा चोचीने पोवळ्याचा खडक कुरतडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेल्या दगडाची पांढरी वाळू करून टाकतो. बेटावरचा प्रत्येक माड त्या वाळूत उभा आहे.

आणि तळाशी? तळाशी बहुधा आपल्या ओळखीचाच दगड. हिंद महासागरातल्या रीयुनियन बेटाखालच्या ज्या तप्त स्रोतातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा काळा कातळ ओतला गेला, त्याच्यावरूनच भारताचा भूखंड उत्तरेला सरकत राहिला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बुडालेल्या ज्वालामुखींची रांग उरली, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. ज्वालामुखी खचत गेला, त्याच्या कडेला लागलेली पोवळी वर वाढत राहिली. असं कंकणाकृती बेट तयार होतं हे डार्विनने १८४२ मध्येच मांडलं होतं. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक इथे भोक पाडून पाहिलं, तेव्हा बाराशे मीटरहून जास्त जाडीच्या चुनखडीखाली खरंच काळा बेसॉल्ट लागला. पाया खचतो तेवढं वरून वाढायचं, हा त्या इवल्या प्राण्यांचा लाखो वर्षांचा उद्योग. आजचा सगळा प्रश्न त्या वाढण्याच्या वेगाचा आहे.

परवान्याबद्दल : लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. अर्ज निदान महिनाभर आधी करा, आणि ज्या ज्या बेटावर राहणार त्या सगळ्यांची नावं अर्जात आहेत ना ते पाहा. परवाना हातात येण्याआधी विमानाचं तिकीट काढू नका. रोख पैसे कोचीहूनच घेऊन निघा.

सोमवार : अगत्तीचं लगून

सकाळी सातला होडी. नावाडी चाचा साठीच्या पुढचे, डोळ्यांच्या कडा उन्हाने आक्रसलेल्या. समुद्र इतका शांत की तळाची वाळू आणि होडीची सावली दोन्ही एकदम दिसत होती.

आधी कासवं भेटली. अगत्तीच्या लगूनमधली हिरवी कासवं एके काळी इतकी वाढली की त्यांनी इथली समुद्री गवताची कुरणं खाऊन फस्त केली आणि मग त्यातली बरीच दुसऱ्या बेटांकडे वळली. आम्हाला दिसली ती तुरळक होती, पण हातभर अंतरावरून एक मोठी मादी, माझी दखलही न घेता, निवांत चरत गेली.

मग चाचांनी होडी भित्तीच्या आतल्या कडेला नेली. इथे पाण्यात उतरल्यावर पहिल्या मिनिटाला मी खूश होते. निळे टँग, पिवळे फुलपाखरी मासे, पोपटमाशांचा कळप. पोपटमासा खडक चावतो तो आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, कडकड असा. दुसऱ्या मिनिटाला नजर माशांवरून तळाकडे गेली. तळावर फांद्यांचा खच पडला होता. बोटाएवढ्या जाडीचे करडे तुकडे, एकावर एक, दूरवर. प्रत्येकावर शेवाळाची मळकट लव. या शिंगांसारख्या फांद्या म्हणजे अॅक्रोपोरा जातीची पोवळी. मधूनच मोठाले गोल धोंडे दिसत होते, पिवळसर तपकिरी, जिवंत. ते पोरायटिस. वाढायला अतिशय मंद, पण सोशिक.

वर आल्यावर भाऊ काहीच बोलला नाही. चाचांनीच सुरुवात केली. १९९८ त्यांना चांगलं आठवतं. तरुण होते. मे महिन्यात लगूनचं पाणी अंगाला गरम लागायचं आणि होडीतून बघितलं तर तळ पांढराशुभ्र. त्यांच्या वडिलांनाही असं कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. "आधी सुंदर दिसलं," चाचा म्हणाले. "दोन महिन्यांनी सगळं काळं पडलं, मग शेवाळ."

हे पांढरं पडणं नेमकं काय असतं ते इथेच सांगते. पोवळं हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, झूझँथेली. ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं, इतका की काही जातींची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा तिथून येते. पोवळ्याचा तपकिरी-हिरवा रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालातलं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, घातक ऑक्सिजन संयुगं तयार होऊ लागतात आणि पोवळं शैवालाला बाहेर काढतं. पारदर्शक मांसातून खालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. याला ब्लीचिंग म्हणतात. पांढरं पोवळं त्या क्षणी मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं आणि पोवळं वाचतं. नाही निवलं तर मरतं.

चाचांना हे सगळं असं सांगायची गरज नव्हती. त्यांचा हिशेब चाल्यावरून चालतो. चाला म्हणजे पोवळ्यांच्या आडोशाने लगूनमध्ये राहणारे बोटभर मासे. लक्षद्वीपची माणसं कुपा सहसा जाळ्याने पकडत नाहीत. जिवंत चाला होडीतल्या पाण्याच्या हौदात भरून नेतात, कुप्प्याचा थवा दिसला की मूठ मूठ चाला फेकतात, पाण्याचे फवारे उडवतात आणि काठीला बांधलेल्या, काटा नसलेल्या गळाने एकेक मासा उपसून काढतात. या पद्धतीत समुद्रातलं दुसरं फारसं काही मरत नाही. "पण चाला पाहिजे," चाचा म्हणाले, "आणि चाल्याला पोवळं पाहिजे. पूर्वी घरासमोर मिळायचा. आता डिझेल जाळून शोधायला जातो."

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. सगळं गाव कुप्प्याच्या मागे खोल समुद्रात जात असल्यामुळे भित्तीवरच्या पोपटमाशांना, सर्जनमाशांना इथे पूर्वी फारसं कुणी हात लावत नव्हतं. हे मासे मेलेल्या पोवळ्यावरचं शेवाळ खाऊन खडक स्वच्छ ठेवतात. स्वच्छ खडकावरच पोवळ्याचं नवं पिल्लू चिकटू शकतं. १९९८ नंतर लक्षद्वीपची भित्ती जी सावरली, त्यात या माशांचा मोठा वाटा आहे असं इथे अनेक वर्षं काम करणारे अभ्यासक सांगतात. आता भित्तीवरच्या माशांनाही बाहेरून मागणी येऊ लागली आहे. पर्यटकांसाठी तव्यावर काय तळलं जातं याचाही त्यात भाग आहे. तेव्हा इथे आलात तर कुपा मागा, पोपटमासा मागू नका.

मंगळवार : बंगारम, तिन्नकरा आणि नसलेलं बेट

अगत्तीच्या ईशान्येला बंगारमचं कंकण. एकाच मोठ्या लगूनमध्ये बंगारम, तिन्नकरा आणि पराली नावाची चिमुकली बेटं. बंगारमची वाळू, माड आणि पाणी यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्यावर मी आणखी काय लिहू. तिन्नकराला एका झोपडीत मिळालेलं शहाळं आणि दगडावर भाजलेला ऑक्टोपस मात्र लिहायलाच हवा. मीठ, मिरची, बस. भाऊ अजून त्याची आठवण काढतो.

परतताना चाचांनी होडीचं इंजिन बंद केलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं. फिकट हिरवं पाणी, खाली वाळूचा उंचवटा. तिथे पराली-१ होतं. १९६८ मध्ये त्याचं क्षेत्र ०.०३२ चौरस किलोमीटर मोजलं होतं, म्हणजे आपले आठेक एकर. कालिकत विद्यापीठातल्या एका संशोधनातून २०१७ मध्ये जाहीर झालं की ते पूर्ण झिजून पाण्याखाली गेलं आहे. तिथे वस्ती कधीच नव्हती. पक्षी बसायचे.

हे सगळं एकट्या तापमानवाढीच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. वाळूची छोटी बेटं प्रवाहांबरोबर सरकतात, झिजतात, कधी भरतातही. पण समुद्राची पातळी वाढते आहे आणि ज्या कारखान्यातून ही वाळू येते तो कारखाना दर काही वर्षांनी बंद पडतो आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जगभरच्या मोजमापांवरून असं दिसतं की प्रवाळभित्ती येणाऱ्या लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा अडवते. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ इथून गेलं तेव्हाची रात्र चाचांनी सांगितली. घरात बसून त्यांनी भित्तीवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज ऐकला होता. ती भित्ती उद्या हातभर खाली गेली तर तोच आवाज दाराशी येईल, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

बुधवार-गुरुवार : कदमत

अगत्ती ते कदमत बोटीने आलो. बोट तीन तास उशिरा सुटली, त्याचं इथे कुणाला काही वाटत नाही आणि तुम्हीही वाटून घेऊ नका. आंतरद्वीप प्रवासात प्रत्येक टप्प्यामागे एक मोकळा दिवस हाताशी असावाच.

कदमत लांबट बेट. सर्वांत रुंद ठिकाणीही जेमतेम अर्धा किलोमीटर. रस्त्यावर उभं राहिलं की एका हाताला लगून, दुसऱ्या हाताला उघडा समुद्र. सकाळच्या नाश्त्याला किलांजी मिळाली: तांदूळ आणि अंड्याचं अतिशय पातळ धिरडं, बरोबर नारळाचं गोड दूध आणि केळं. दोन दिवस मी दुसरं काही खाल्लं नाही.

डायव्हिंग केंद्रावर केरळची एक संशोधक विद्यार्थिनी भेटली. तिचं काम म्हणजे पाण्याखाली मोजपट्टी अंथरायची आणि पट्टीखाली काय काय आहे ते पाटीवर लिहायचं: जिवंत पोवळं, मेलेलं पोवळं, शेवाळ, वाळू. दर वर्षी त्याच जागी. आम्हाला तिच्या मागे मागे पोहायची परवानगी मिळाली, अट एकच, पायातल्या पंखांनी तळ ढवळायचा नाही.

भित्तीच्या बाहेरच्या उतारावर बारा-पंधरा मीटरवर गेलो तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला. इथे पाणी थोडं थंड आणि खेळतं. टेबलासारखी पसरलेली पोवळी होती, काही अर्धी मेलेली, अर्धी जिवंत. आणि मेलेल्या टेबलावर नखाएवढे जांभळट ठिपके. विद्यार्थिनीने बोटाने एकेक दाखवला. नवी पोवळी. मी मोजायला लागले आणि हवा संपत आली म्हणून वर यावं लागलं.

संध्याकाळी धक्क्यावर बसून तिने आकडे सांगितले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांवर १९९८ पासून २०२२ पर्यंत जे मोजमाप झालं, त्यात जिवंत पोवळ्यांचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आलेलं दिसतं. चोवीस वर्षांत निम्मं. मधे १९९८, २०१० आणि २०१६ हे तीन मोठे तडाखे. ब्लीचिंगशिवाय निदान सहा वर्षं सलग मिळाली तर सावरण्याचा वेग चांगला वाढतो, असं त्याच अभ्यासातून पुढे आलं. २०१० ते २०१६ हा काळ बरोबर सहा वर्षांचा. म्हणजे भित्ती जोर धरायची वेळ आली आणि पुन्हा घाव बसला. त्यानंतर २०२४. समुद्र ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीपासूनच तापलेला होता, असं कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तेव्हा सांगितलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने जगभरातलं चौथं व्यापक ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं.

तिला विचारलं, सगळ्या दोषांची जबाबदारी उष्णतेवरच आहे का? ती म्हणाली, "उष्णता दिसते. दुसरं दिसत नाही." ते दुसरं मात्र मला माझ्या प्रयोगशाळेतून ठाऊक होतं.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर आपण सगळ्यांनी शाळेत मारलेली आहे. निवळी दुधाळ झाली, उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड आहे हे सिद्ध झालं, वही बंद. पण फुंकत राहा. थोड्या वेळाने तीच दुधाळ निवळी पुन्हा स्वच्छ होते. आधी तयार झालेलं कॅल्शियम कार्बोनेट जास्तीच्या वायूने विरघळून कॅल्शियम बायकार्बोनेट झालेलं असतं. समुद्रात याच रसायनशास्त्राचा मंद प्रयोग चालू आहे. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो. पाण्यात त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि ते पाण्यातले कार्बोनेट आयन संपवत जातं. पोवळ्याला आपला अॅरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका रूपाचा) सांगाडा बांधायला नेमके तेच आयन हवे असतात.

समुद्र आम्ल झालेला नाही, तो अजूनही अल्कलीच आहे. औद्योगिक क्रांतीच्या आधी पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ होता, आता ८.१ च्या आसपास आहे. हा फरक किरकोळ वाटतो, पण पीएचची मोजणी लॉगरिथमची असल्यामुळे हायड्रोजन आयन तीस टक्क्यांच्या आसपास वाढले असा त्याचा अर्थ होतो. पोवळं लगेच विरघळत नाही. त्याला तेवढाच सांगाडा बांधायला जास्त ऊर्जा घालावी लागते, वाढ मंदावते, सांगाडा पोकळ होतो. आणि मेलेल्या पोवळ्याचा खडक समुद्री किडे पोखरतात, तेही अशा पाण्यात सोपं जातं. उष्णतेने शैवाल गेलं म्हणजे ऊर्जा गेली, आणि आम्लीकरणाने त्याच वेळी बांधकामाचा खर्च वाढला. दोन्हींच्या मागे वायू एकच. हवेत त्याचं प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्ष भागांत २८० होतं. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या जवळ होतं. आज ते ४२० च्या वर आहे.

ही पोवळी वाचवायला नर्सरी करतात, तुकडे लावून वाढवतात. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण ज्या पाण्यात मोठं झाड टिकलं नाही त्याच पाण्यात रोप लावून किती दिवस जाणार? आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१८ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे की तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली तरी उष्ण समुद्रातली ७० ते ९० टक्के पोवळी जातील, २ अंशांवर ९९ टक्क्यांहून जास्त. या दोन आकड्यांमधला फरक माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. १० ते ३० टक्के उरणं आणि काहीच न उरणं यात कदमतचा तो उतार, ते नखाएवढे ठिपके येतात. अर्ध्या अंशासाठी भांडायला एवढं कारण पुरेसं आहे.

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी : लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, म्हणजे अंगाला उन्हाचं क्रीम कमी लागतं. क्रीम घ्यायचंच तर ऑक्सिबेन्झोन हे रसायन नसलेलं घ्या. उथळ पाण्यात दमलात तर पाठीवर तरंगा, खडकावर उभं राहू नका. तो खडक बहुधा जिवंत असतो आणि तुमच्या एका पावलाखाली त्याची कित्येक वर्षांची वाढ जाते. आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका. पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, परतीच्या तपासणीत सापडलात तर गुन्हा आहे. शिवाय ती वाळू त्या बेटाचीच आहे.

शुक्रवार : कवरत्ती

राजधानी म्हणून कवरत्तीला गजबज आहे. कचेऱ्या, दुकानं, स्कूटरी. उज्रा मशिदीच्या लाकडी छताचं कोरीवकाम बघायला तासभर ठेवा, आणि डोकं झाकायला ओढणी जवळ ठेवा. गोड खायचं तर द्वीप उंडा: खोबरं आणि गूळ, वाळलेल्या पानात बांधलेलं. भावाच्या बॅगेतला निम्मा माल चिपळूणला पोचायच्या आत संपला.

मला मुद्दाम बघायचा होता तो गोड्या पाण्याचा प्रकल्प. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये इथे रोज एक लाख लिटर पाणी देणारं संयंत्र उभारलं. समुद्राचं कोमट वरचं पाणी कमी दाबाखाली आणून त्याची वाफ करायची आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ निववायची. भित्तीच्या बाहेर समुद्र एकदम खोल होतो म्हणूनच हे इथे जमतं. आम्हाला आत जाता आलं नाही, बाहेरूनच पाइप पाहिले. पण गावातल्या नळाचं पाणी प्यायले, आणि बोअरवेलची सवय असलेल्या जिभेला ते किती हलकं लागलं ते लगेच कळलं.

नळापाशी उभ्या असलेल्या एका शिक्षकांशी गप्पा झाल्या. शिक्षकाला शिक्षक भेटला की विषय आपोआप वर्गाकडे जातो. त्यांच्या शाळेतल्या मुलांना ब्लीचिंग माहीत आहे, कारण घरात त्यावर बोलणं होतं. बारावीनंतर मुलं कोचीला, कोळिकोडला शिकायला जातात. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या मुलांना माहीत आहे का, त्यांच्याकडच्या विजेच्या कोळशाचा आमच्या चाल्याशी काय संबंध आहे?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, धड्यात आहे, पण या शब्दांत नाही. त्यांनी मान हलवली आणि चहा मागवला. सगळी वस्ती मिळून सत्तरेक हजार माणसांची ही बेटं. त्यांनी हवेत सोडलेला वायू जगाच्या हिशेबात दिसणारही नाही. किंमत मात्र तेच आधी मोजताहेत. हा अन्याय आहे, आणि मला त्याला दुसरा सौम्य शब्द सापडत नाही.

शनिवार : जहाज

परतीला जहाज घेतलं. कोचीला पोचायला बेटानुसार चौदा ते अठरा तास लागतात. धक्क्यावरून छोट्या होडीत आणि होडीतून जहाजाच्या बाजूच्या दारात चढायचं असतं. सामान पाठीवरच्या पिशवीत असलं तर दोन्ही हात मोकळे राहतात, आणि इथे दोन्ही हात लागतात. बंकमधली जागा पुरेशी आहे. रात्री डेकवर वारा छान होता, शेजारी कवरत्तीचं एक कुटुंब आजीच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी कोचीला निघालेलं. त्यांच्या डब्यातला भात आणि मासमीन आम्ही खाल्ला, आमच्या डब्यातल्या चकल्या त्यांनी.

जायचं असेल तर हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. पाणी सर्वांत नितळ जानेवारी ते मार्च. एप्रिल-मेमध्ये गेलात तर समुद्र सर्वांत तापलेला असतो आणि तुम्हाला पांढरी पडलेली पोवळी दिसण्याची शक्यता असते. तशी दिसली तर फोटो काढा, आणि फोटोबरोबर तारीख, साधारण खोली, बेटाची कोणती बाजू, लगूनच्या आत की बाहेर, एवढं लिहून डायव्हिंग केंद्रावर द्या. अभ्यासक मोजके आणि बेटं विखुरलेली, सगळीकडे त्यांना वेळेवर पोचता येत नाही. ब्लीचिंग सुरू झालेला आठवडा नेमका कळणं त्यांच्या फार कामाचं असतं, असं त्या विद्यार्थिनीने मला दोनदा बजावून सांगितलं होतं.